वेगळं पातेलं

आज मी स्वयंपाकाविषयी बोलणार आहे, आणि तेही मी कधी न खाल्लेल्या पदार्थाविषयी. डुकराच्या मांसाचे चाप आणि त्यांच्या पोटात भरलेलं फळांचं सारण. मुसलमान माणसाला बोलायला दुसरा विषय सापडला नाही का, असं कुणाच्या मनात येईल. पण हा पदार्थ मी चाखला नसला तरी होताना अगदी जवळून पाहिला आहे. आमच्या घरातली एक गाठ त्या पदार्थामुळेच सुटली, म्हणून हे सांगायचं.

गोष्ट १९८३ सालची. शहापूरला आमच्या शेजारच्या खोलीत वसईकडच्या एक नर्सबाई भाड्याने राहत. सगळी आळी त्यांना सिस्टर म्हणे. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती. पुढे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ती तिकडे गेली आणि शहापूर, मुरबाड ठाण्यातच राहिले. सिस्टर ख्रिस्ती, बोलणं मराठी. रात्री-अपरात्री कुणाचं लेकरू तापलं तर पहिली हाक त्यांना. माझ्या धाकट्या बहिणीचा न्यूमोनिया त्यांनीच वेळेवर ओळखला होता.

पण त्या आमच्याकडे आल्या की अम्मा चहा द्यायची तो एका ठरलेल्या कपात. निळ्या फुलांचा तो कप फळीवर एका कडेला पालथा असे. आम्ही कुणी त्याला हात लावत नसू. मी एकदा विचारलं, तर अम्मा हळूच म्हणाली, "त्या 'ते' खातात ना." विषय संपला.

माझ्या मनात मात्र तो संपला नाही. माझं आजोळ मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला. तिथल्या एका हॉटेलाच्या वळचणीला खुंटीवर दोन-तीन कान तुटलेले कप टांगलेले असत. कातकरी माणूस आला की तो आपला कप आपण काढायचा, चहा घेऊन बाहेर बसायचं, मग कप विसळून परत टांगायचा. कुणी काही बोलत नसे. देशाच्या राज्यघटनेने १९५० सालीच अस्पृश्यता रद्द केली होती, पण खुंटी तिथेच होती. आमच्या फळीवरचा कप पाहिला की मला ती खुंटी आठवे.

त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सिस्टर अम्माकडे आल्या. म्हणाल्या, "भाभी, उद्या तुम्ही सगळे माझ्याकडे जेवायला." अम्मा गप्प झाली. सिस्टर हसल्या. "घाबरू नका. तुमच्यासाठी नवं पातेलं आणलंय, त्यात अजून काहीच शिजलेलं नाही. कोंबडी तुमच्याच माणसाकडून कापून आणा. सुरी, पाट तुमचा. चूलसुद्धा आधी तुमची पेटेल, माझं मागाहून."

कोंबडी आणायचं काम माझ्याकडे आलं. ती देऊन मी तिथेच उंबऱ्यात बसलो, म्हणून दोन्ही पदार्थ होताना मला बघायला मिळाले.

सारण दोन्हींचं एकच होतं. शिळा पाव कुस्करलेला, तेलावर परतलेला कांदा, कल्याणहून आणलेली सफरचंदं बारीक चिरून, मूठभर बेदाणे, मिरपूड, मीठ. सफरचंद पुरेना म्हणून त्यांनी परसातला अर्धवट पिकलेला पेरू बिया काढून चिरला आणि आंबटपणाला आपल्या रानातली बोरं घातली. आधी कोंबडीत सारण भरून तिचं पोट दोऱ्याने शिवलं. पातेल्यात तेलावर सगळ्या बाजूंनी लाल केलं, घोटभर पाणी आणि लिंबू घालून झाकण ठेवलं आणि झाकणावर निखारे. घरात ओव्हन नव्हता. खाली-वर विस्तव, हाच आमचा ओव्हन.

ते पातेलं उतरवून, झाकून आमच्या घरी पोचतं केल्यावरच त्यांनी स्वतःचा डबा उघडला. त्यांचा भाऊ तो सकाळीच वसईहून घेऊन आला होता, दादरला गाडी बदलून आसनगावला उतरून. चाप चांगले दोन बोटं जाड, हाडासकट. हाडाच्या समोरच्या बाजूने सुरी आत घालून त्यांनी प्रत्येकाला खिसा केला, भरल्या वांग्यासारखं सारण भरलं, काडीने तोंड बंद केलं. दोन्ही बाजू लाल करून मंद आचेवर ठेवले. लिंबाऐवजी त्यात घरची थोडी वाइन गेली. "तुमच्यात मी ती घातली नाही हं," त्या मला म्हणाल्या.

फळ कशाला, हे पुढे मला वाचून कळलं. चापाच्या मांसात चरबी कमी, ते लवकर कोरडं पडतं. फळाचा रस आतून ओलावा देतो, आंबटपणा मांसाचा जडपणा कापतो. एक गोष्ट करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. सारण भरलेलं मांस वरून शिजलं तरी आत कच्चं राहू शकतं. अगदी मधलं सारण ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापलं पाहिजे. म्हणून आच मंद आणि धीर मोठा.

मांस आणि फळ ही जोडी काही साहेबाची नाही. बगदादमध्ये १२२६ साली मुहम्मद बिन हसन अल-बगदादी याने पाककृतींचं पुस्तक लिहिलं, त्यात जर्दाळू घातलेलं मांस आहे, सफरचंद घातलेलंही आहे. मुंबईच्या पारशांकडे मटणात जर्दाळू घालतात. आपल्याकडे सुकट-जवळ्यात कैरी पडतेच. आणि डुकराच्या मांसाचं म्हणाल, तर बाराव्या शतकातला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात डुक्कर कसं सोलावं, निखाऱ्यावर कसं भाजावं हे तपशिलाने दिलं आहे. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आताचं बसवकल्याण, आपलं कल्याण नव्हे. याच ग्रंथात जुन्या मराठी गीतांच्या ओळी सापडतात, म्हणून मराठीचे अभ्यासक त्याला मान देतात. मीही देतो. ग्रंथाच्या एका पानावर काय शिजलं यावरून दुसरं पान विटाळत नाही.

माझ्या धर्मात डुकराचं मांस निषिद्ध आहे आणि ते मी पाळतो. पण ज्या आयतीत ही मनाई आहे, त्याच आयतीत नाइलाज झालेल्या भुकेल्याला माफीही आहे. मनाई माझ्या ताटाला आहे. शेजाऱ्याच्या ताटाचा हिशेब माझ्याकडे मागितलेला नाही.

आता त्या कपाचं सांगतो. नाताळ झाल्यावर दोन दिवसांनी सिस्टर चहाला आल्या. अम्माने ट्रे आणला. निळ्या फुलांचा कप अब्बांपुढे ठेवला आणि सिस्टरच्या हातात रोजचा, आमच्यातला कप दिला. अब्बांनी कप फिरवून पाहिला. "हा कुठला?" अम्मा म्हणाली, "कप आहे. चहा प्या, निवतोय." सिस्टर खाली बघून फुंकर घालत होत्या. त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं की नव्हतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट मी मनाशी घोळवतो आहे. अम्मानेही भांडं वेगळं ठेवलं होतं आणि सिस्टरनेही. फळीवरचा कप सिस्टरपासून आमचा बचाव करायला होता. नवं पातेलं आम्हांला त्यांच्या घरी निर्धास्त जेवता यावं म्हणून होतं.

आमची नानी सांगायची, जुन्या काळी भाताच्या खाचरात रानडुक्कर मारलं गेलं की शेजारची कुणबीण कुंपणावरून ओरडून सांगे, "नानी, आज आमच्यात डुक्कर शिजतंय गं, पोरांना धाडू नको!" पुढे वन्यजीव कायद्याने शिकारीवर निर्बंध आले, ते शिजणं थांबलं. पण मला त्या हाकेचं मोल वाटतं. तिने स्वतःचं खाणं लपवलं नाही आणि नानीचा नेमही मोडू दिला नाही. दुसऱ्या दिवशी दोघी एकाच बांधावर बसून भाकरी खात.

आज शहापूर-आसनगावला उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. खोली भाड्याने मागायला गेलं की भाडं किती हे नंतर, आधी प्रश्न येतो, "तुम्ही काय खाता?" हा प्रश्न मलाही आला आहे. उत्तर देताना मला प्रत्येक वेळी तो निळा कप आठवतो, कारण तो आमच्याच फळीवर होता.

सिस्टरची बदली झाली तेव्हा सामान बांधताना त्यांनी ते पातेलं अम्माच्या हातात दिलं. म्हणाल्या, "हे तुमचंच, मी यात दुसरं काही केलं नाही." तीन नाताळ ते त्यांच्याकडे होतं. वर्षातला एक दिवस सोडला तर रिकामं.

अम्मा आता नाही. पातेलं आहे, दोनदा कल्हई झाली त्याला. मे महिन्यात माळशेजच्या बाजूची करवंदं बाजारात आली की माझी बायको त्यात कोंबडी करते. आत करवंदं, कैरीच्या फोडी, कांदा आणि कुस्करलेला पाव. झाकणावर निखारे ठेवायला आता चूल नाही, गॅसवरच मंद आचेवर तासभर लागतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)