वेग अडला कोठे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी पाककृतीवर बोलावे अशी आपली अपेक्षा असेल. परंतु आज मी आमच्या घरच्या संगणकाविषयी, आणि माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयी, चार शब्द सांगणार आहे.

आमची सूनबाई घरी बसूनच कचेरीचे काम करते. त्यासाठी तिला मोठमोठ्या फायली संगणकावर उतरवून घ्याव्या लागतात. मागल्या पावसाळ्यात एकेका फाईलला पाव पाव तास लागू लागला. काम रात्री अकरापर्यंत लांबे. एके दिवशी मी बोलून गेले, "कामाचं नुसतं निमित्त!" ती काही बोलली नाही, ताटावरून तशीच उठली.

मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मी तिच्याशेजारी जाऊन बसले. आमची जोडणी १०० एमबीपीएसची. हा आकडा मेगाबिटचा असतो. फाईल मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरणार. त्या हिशेबाने १ गिगाबाइटची फाईल सुमारे दीड मिनिटात यावी. आमच्याकडे चौदा मिनिटे लागत होती!

कोणी सुचविले, डीएनएस बदला. त्याने पत्ता लवकर सापडेल. रस्ता काही रुंद होत नाही. कोणी म्हणाले, जास्त पैशांची योजना घ्या. आम्ही मात्र आधी मोजायचे ठरविले. राउटरजवळ मोबाईलवर वेग नव्वदच्या वर आला, आणि तारेने जोडलेल्या संगणकावर जेमतेम नऊ. म्हणजे बाहेरून येणारा प्रवाह ठीक होता. अडत होते ते राउटर आणि संगणक यांच्यामध्ये. तार बदलली, फरक पडला नाही. उरले संगणकातील सेटिंग.

विंडोजमधील 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'नेटवर्क अडॅप्टर्स'मध्ये इथरनेटचे नाव शोधावे. त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये, 'अ‍ॅडव्हान्स्ड' या पानावर, बहुधा 'स्पीड अँड डुप्लेक्स' अशी ओळ असते. मागे कधीतरी दुरुस्तीच्या वेळी तेथे १० एमबीपीएस कायम करून ठेवले होते. जुने सेटिंग वहीत टिपून सूनबाईने 'ऑटो निगोशिएशन' निवडले. त्यामुळे दोन्ही बाजू आपसांत वेग ठरवून घेतात. क्षणभर जोडणी तुटली, परत आली, आणि तेवढीच फाईल दीड मिनिटात उतरली. पैसा एक खर्च झाला नाही.

प्रत्येक घरचा दोष निराळा असेल. वाय-फाय वापरत असाल तर राउटर लोखंडी कपाटामागे ठेवू नका. ५ गिगाहर्ट्झ जवळच्या खोलीत जलद चालतो, २.४ भिंतींपलीकडे दूर पोहोचतो, पण त्यावर शेजाऱ्यांच्या राउटरांची आणि मायक्रोवेव्हची गर्दी असते. मात्र आधी मोजावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि पुन्हा मोजावे. मीठ आणि चिंच एकदम वाढविली, तर आमटी कशाने बिघडली ते कसे कळणार?

त्या रात्री आम्ही सगळे एकत्र जेवलो. मी म्हटले, "सूनबाई, मी उगाच बोलले गं." ती म्हणाली, "आई, मलाही वाटत होतं, माझंच काहीतरी चुकतंय."

भगिनींनो, यंत्र अडले की आपण माणसाला बोल लावतो. तो लावण्यापूर्वी एकदा मोजून पाहावे, एवढेच सांगून मी आपली रजा घेते.