एका दिवसात दाताची कॅप



चैत्र आणि आश्विनातील आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस तूप, तेल, दूध, साखर वर्ज्य असते. भाजलेले चणे, कोरडी रोटी यांवर दिवस काढायचा तर दाढ भक्कम लागते. ज्येष्ठ तपस्वींची श्रद्धा अढळ असते. दाढ मात्र साथ देतेच असे नाही. मग रूट कॅनॉल होते, ठणका थांबतो, आणि नेमके येथेच अनेक जण उपचार अर्धवट सोडतात. दुखणे गेले म्हणजे दाढ वाचली, असा समज होतो. वस्तुतः आतून पोखरलेली ती दाढ उरलेल्या पातळ भिंतींवर उभी असते. एखादा कठीण दाणा आला की ती उभी चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढण्यावाचून सहसा गत्यंतर उरत नाही. म्हणून तिच्यावर दंतमुकुट, म्हणजे बोलीतील ‘कॅप’, बसवावी लागते.

कॅप टाळण्यामागे खर्च असतो, तसेच हेलपाटेही असतात. पारंपरिक पद्धतीत दात घासून लहान केला जातो, कणकेसारख्या लगद्यात त्याचे माप घेतले जाते आणि ते प्रयोगशाळेत जाते. तेथील कारागीर प्लॅस्टरची प्रतिकृती करून त्यावर कॅप घडवतो. दरम्यान आठवडाभर किंवा अधिक काळ तात्पुरती प्लॅस्टिकची टोपी सांभाळायची. ती कधी निघते, कधी तुटते. गावाहून येणाऱ्या वृद्धाला दुसरी फेरी जमत नाही आणि तात्पुरती टोपीच कायमची होऊन बसते.

या अडचणीवरचा मार्ग स्वित्झर्लंडमध्ये निघाला. दाताचे माप प्रकाशाच्या साहाय्याने घेण्याची कल्पना फ्रान्समधील फ्रांस्वा ड्युरे यांनी १९७० च्या दशकातच मांडली होती. झुरिच विद्यापीठातील दंतवैद्य वेर्नर म्योरमान आणि अभियंता मार्को ब्रांडेस्टिनी यांनी कॅमेरा, संगणक आणि कोरणारे यंत्र एकत्र जुळवले. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये तेथे पहिल्या रुग्णाच्या दातात अशा रीतीने घडवलेले सिरॅमिकचे भरण बसले. ते केवळ भरण होते; संपूर्ण कॅप घडवण्याइतके यंत्र प्रगत व्हायला १९९० चे दशक उजाडले.

आज ही पद्धत अशी चालते. दात घासून झाल्यावर दंतवैद्य पेनासारखा छोटा कॅमेरा तोंडात फिरवतात. घासलेला दात, शेजारचे दात, समोरचा जबडा आणि दोन्ही जबड्यांची मिटलेली स्थिती यांची त्रिमितीय आकृती पडद्यावर उमटते. संगणक कॅपचा आराखडा सुचवतो. तो तपासून दुरुस्त करणे हे वैद्याचेच काम. मग सिरॅमिकचा बोटाच्या पेरापेक्षा फारसा मोठा नसलेला ठोकळा यंत्रात बसवतात आणि हिऱ्याचे कण लावलेल्या सुया पाण्याच्या धारेखाली तो काही मिनिटांत कोरतात. लिथियम डायसिलिकेट या प्रचलित सिरॅमिकचा ठोकळा निळसर-जांभळा दिसतो, आणि तशी कॅप पाहून पुष्कळ जण दचकतात! पण सुमारे ८५० अंश सेल्सिअसला भट्टीतून काढल्यावर तीच कॅप दाताच्या रंगाची होते व तिची ताकद दुपटीहून अधिक वाढते. नंतर ती विशिष्ट सिमेंटने दाताशी घट्ट जोडली जाते. सारे मिळून दोन ते तीन तास लागतात, आणि बधिरतेचे इंजेक्शन बहुधा एकदाच.

मात्र झटपट काम हा या पद्धतीचा गुण मानू नये. दात उघडा न राहणे हा तिचा गुण. कॅमेऱ्याला जे दिसते तेवढेच तो टिपतो. कीड हिरडीखाली खोल गेली असेल, रक्त किंवा लाळ आवरत नसेल, तर घाई न करणे बरे. झोपेत दात कराकरा खाणाऱ्याला कदाचित झिर्कोनियाची कॅप सुचवली जाईल आणि तिच्या भट्टीला अधिक वेळ लागू शकेल. पुढच्या दातांच्या रंगछटा जुळवण्यात निष्णात कारागिराचा हात आजही सरस ठरतो. आणि कॅप किडत नसली तरी तिच्या काठाशी असलेला मूळ दात किडतो, हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

समाजात एक रास्त शंका नेहमी विचारली जाते: सिरॅमिकमध्ये हाडांचा अंश असतो काय? ‘बोन चायना’च्या भांड्यांत हाडांची राख असते, त्यावरून ही शंका येते. दातांचे सिरॅमिक फेल्डस्पार, सिलिका, लिथियम, झिर्कोनियम अशा खनिज द्रव्यांपासून होते. त्यात हाडांची राख नसते. सावधगिरी हवी ती अन्यत्र. इम्प्लांटच्या वेळी जबड्यात भरली जाणारी हाडाची भुकटी गोवंशजन्य असू शकते. तेथे आधीच स्पष्ट विचारावे. कृत्रिम पर्याय मिळतात.

वेळेचा हिशेबही घरूनच करून जावा. खालच्या जबड्याची बधिरता काही तास टिकते आणि तोवर चावून खाल्ल्यास ओठ, जीभ, गाल चावले जातात. दुपारी तीनला खुर्चीत बसलेल्या चौविहार करणाऱ्याचा त्या दिवशीचा आहार बहुधा चुकतोच. नवकारशी करून, पोटात काही घालून सकाळची वेळ घ्यावी. चौविहार उपवासाच्या दिवशी तर हा उपचार ठेवूच नये. यंत्राचे पाणी तोंडात सतत उडत असते.

पूज्य साधु-साध्वीजींचा प्रश्न अधिक नाजूक. विजेच्या यंत्रांबाबत प्रत्येक परंपरेची समाचारी आणि गुरुआज्ञा हेच प्रमाण. परंतु जेथे उपचाराला अनुज्ञा मिळते, तेथे चातुर्मास संपून विहार सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी त्याच गावी परतणे अशक्यप्राय असते. अशा वेळी श्रीसंघातील कार्यकर्त्यांनी एका बैठकीत कॅप करणारा दवाखाना कोठे आहे, याची चौकशी विहारापूर्वीच करून ठेवावी.