मधुमेह्याचे ताट आणि चयापचय

मधुमेह्याला आहाराबद्दल मिळणारी पहिली सूचना म्हणजे साखर बंद, आणि पुष्कळदा शेवटचीही तीच. प्रश्न मात्र दिवसभराच्या सगळ्या खाण्याचा आहे. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी आणि वरणभात, चारच्या चहाबरोबर खारी, रात्री पुन्हा पोळी आणि भात. यात साखरेचा कणही नसला तरी बहुतेक ऊर्जा पिष्टातूनच येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत सरासरी ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येत असल्याचे आढळले. याच पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि २६.४ टक्क्यांसह गोवा सर्व राज्यांत पुढे आहे.

इतके पिष्ट भारतीय शरीराला का झेपत नाही, याचा उलगडा पुण्यातल्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून होतो. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन एस. युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात ही ठेवण नवजात बाळांतही दिसली. वजन कमी, स्नायू कमी, चरबी मात्र टिकून. जेवणातले ग्लुकोज मुख्यतः स्नायू उचलतात. ते तोकडे पडले, इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की जादा ग्लुकोजची यकृतात चरबी होते. असे यकृत रात्रभर उपाशी असतानाही रक्तात साखर सोडत राहते. काही चरबी स्वादुपिंडात जाऊन इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना मंदावते.

हे चक्र उलट फिरू शकते, हे ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीने २०१७ मध्ये दाखवले. काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास उष्मांक घेऊन वजन उतरवलेल्या गटातील ४६ टक्के रुग्णांची साखर वर्षअखेरीस औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. मात्र या सर्वांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता, म्हणून निदानानंतरची पहिली वर्षे दवडणे फार महाग पडते.

मराठी ताट त्यासाठी परके करावे लागत नाही, मांडणी बदलावी लागते. पंगत वरणभाताने सुरू होते. मधुमेह्याने कोशिंबीर आणि उसळ आधी खाऊन भात शेवटी, थोडा घ्यावा. तंतू आणि प्रथिने आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर कमी चढते. वरण पातळ नको, घट्ट हवे. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तीही पिष्टच. ‘भाकरी कितीही चालते’ हा समज रुग्णांचे नुकसान करतो. गुळाचेही तेच. एकादशीचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, तेव्हा त्या उपवासाला हलका आहार म्हणता येत नाही.

आहार बदलला की औषधही बदलते, आणि डॉक्टरांची व आहारतज्ज्ञांची ही सामाईक जबाबदारी आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण घटवले तर साखर धोकादायकरीत्या उतरते. म्हणून मात्रा आधी ठरवावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाणही तपासणीनंतरच ठरवावे.