ग्लायकोजेनचे नियमन आणि आजारी बालकांचे ऋण
(वसंतातील व्याख्यानमालेत कॅम्प-1, भिलाई येथे दिलेले व्याख्यान)



शरीरशास्त्राच्या ग्रंथांत आरोग्याचे जे नियम आपण निःशंकपणे वाचतो, त्यांतील पुष्कळसे रोग्यांनी, आणि त्यांतही अकाली गेलेल्या बालकांनी, आपल्या हाती दिलेले आहेत व ते ऋण समाजाने अद्याप फेडलेले नाही, अशी माझी फार जुनी धारणा आहे. आजचा विषय ग्लायकोजेनचा असला तरी त्याची मांडणी मी या धारणेच्या अनुरोधानेच करणार आहे. भाकरीतील पिष्टाची शर्करा होते, ती रक्तात उतरते आणि उरलेली यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठते, हे आपण शाळेतच शिकलेले आहात; तेव्हा त्यात वेळ घालवीत नाही.

यकृतातील हा साठा सुमारे 100 ग्रॅमचा, तर सर्व स्नायूंतला मिळून 400 ग्रॅमच्या आसपास असतो. परंतु यकृताचा साठा सर्व देहासाठी आणि स्नायूंचा केवळ त्यांच्या स्वतःसाठी, कारण शर्करेला जडलेला फॉस्फेट काढून तिला रक्तात सोडणारे ग्लुकोज-6-फॉस्फटेज हे विकर स्नायूंपाशी नाही. साठा मोडणारे विकर फॉस्फोरिलेज आणि तो रचणारे सिंथेज. ही दोन्ही एकाच वेळी जोरात चालली तर श्रम व्यर्थ जातील, म्हणून शरीराने जी योजना केली आहे ती एखाद्या सरकारी कोठारात एकाच मोहरेने ‘खर्च सुरू, जमा बंद’ असा दुहेरी हुकूम सुटावा तशी आहे. पोट रिकामे असता ग्लुकागॉन, आणि भय वा श्रम यांच्या प्रसंगी ॲड्रेनलिन, पेशीच्या दाराशी येते. सदरलँड यांनी शोधलेले चक्रीय एएमपी तो संदेश आत नेते. आणि अखेर फॉस्फोरिलेजवर एक फॉस्फेट चढतो, ज्याने ते जागृत होते. हे चढणे-उतरणे फिशर व क्रेब्ज यांनी 1955 च्या सुमारास उकलले. सिंथेजवर मात्र फॉस्फेट चढला की ते मंदावते! भोजनोत्तर इन्सुलिन हे फॉस्फेट उतरवावयास लावते आणि पुन्हा भरणा सुरू होतो.

“मग एकादशीचे काय?” असा प्रश्न मागील रांगेतून आला आहे. (हशा) प्रश्न मोलाचा आहे. निरोगी माणसाचे यकृत रात्र निभावते, आणि साठा आटू लागला की लॅक्टेट व अमिनो आम्ले यांपासून नवी शर्करा घडविते. पण फॉन गिर्के यांनी 1929 मध्ये वर्णिलेल्या व्याधीच्या बालकाला चार तासांची एकादशीही सोसत नाही. कारण साठ्यातली असो वा नव्याने घडलेली, शर्करा बाहेर पडण्याची वाट एकच, आणि तेथले ते ग्लुकोज-6-फॉस्फटेजच त्याच्यापाशी नसते. यकृत साठ्याने फुगून पोट पुढे येते, आणि रक्त मात्र शर्करेवाचून राहते.

गर्टी कोरी यांनी कार्ल कोरी यांच्यासह 1952 मध्ये हा अभाव प्रत्यक्ष मोजून दाखविला. आनुवंशिक रोगाचे मूळ एका विकराच्या अभावात प्रयोगाने सिद्ध होण्याच्या अगदी आरंभीच्या प्रसंगांपैकी तो एक होय, आणि त्याचा आधार आजारी बालकांच्या यकृताचे तुकडे हा होता. या बाईंविषयी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. प्राग येथे जन्मलेल्या, सेंट लुईसच्या विद्यापीठात पतीच्या बरोबरीने काम करूनही वर्षानुवर्षे त्याच्या वेतनाच्या अल्पांशावर राबलेल्या गर्टीबाईंना प्राध्यापकपद मिळाले ते 1947 मध्ये, नोबेल पारितोषिकाच्याच वर्षी. आणि आपल्याकडे? कमला भागवत, म्हणजेच पुढे कमला सोहोनी, यांना 1933 मध्ये बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा त्या सी. व्ही. रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि एक वर्ष उमेदवारीची कठोर अट पत्करून आत गेल्या. 1939 मध्ये केंब्रिजहून त्यांनी विकरांवरील संशोधनाबद्दल डॉक्टरेट आणली. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास केला; याच राष्ट्रपतींनी 4 फेब्रुवारी 1959 रोजी आपल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी राष्ट्रार्पण केली, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. विकरांचे शास्त्र मराठी घरात त्या काळी परके होते असे कोणी म्हणू नये!

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे; दहाच मिनिटे उरली. एका सद्गृहस्थांनी म्हटले की, लाखात एखाद्या बालकाला होणाऱ्या रोगापेक्षा घरोघरच्या मधुमेहाविषयी बोलावे. हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. 1990 मध्ये शुलमन आदींनी दाखविले की प्रौढांच्या मधुमेहात स्नायूंतली ग्लायकोजेनची रचनाच मंदावलेली असते. स्नायूंतल्या ग्लायकोजेनविषयीचे ज्ञान अशा दुर्मिळ व्याधींच्या अभ्यासातूनही वाढले. लंडनच्या मॅकआर्डल यांनी 1951 मध्ये वर्णिलेला रोगी श्रम करताच स्नायूंच्या वेदनेने हैराण होई; त्याच्या रक्तात लॅक्टेट चढेना, आणि 1959 मध्ये स्नायूंतील फॉस्फोरिलेजचा अभाव उघड झाला. भट्टीवर ओझे उचलताना जो वारंवार थांबतो, त्याला कामचुकार ठरविण्यापूर्वी या रोगाचा विचार व्हावा, असे मी कारखान्याच्या गावात आग्रहाने सांगतो.

आता उरलेले घाईने. फॉन गिर्के व्याधीत कच्चे कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून दर चार-सहा तासांनी, रात्रीही, देतात. ते सावकाश पचते आणि शर्करा टिकते. 1984 पासून या साध्या उपायाने पुष्कळ मुले वाढली. ते शिजवू मात्र नये. पोम्पे रोग या आणखी एका ग्लायकोजेन-व्याधीत पेशीतल्या पिशव्यांतील ग्लायकोजेन मोडणारे विकर नसते आणि हृदय व स्नायू दुर्बल होतात. त्यावर 2006 पासून विकरच शिरेवाटे देता येते, पण ते अत्यंत महागडे आहे. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात, त्याच्या 2022 च्या दुरुस्तीनुसार, ठरवून दिलेल्या केंद्रांत उपचारासाठी 50 लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे, मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे त्यांतले एक केंद्र. पोट फुगलेले, वाढ खुंटलेले, पहाटे निपचित पडणारे मूल तुमच्या ओळखीत असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली रिकाम्या पोटी रक्तशर्करा व लॅक्टेट तपासून मागावे. या गोष्टी मी मराठीत कागदावर लिहून आणल्या आहेत. चिटणिसांकडे प्रती ठेवतो, जाताना घेऊन जाव्यात.