ठिणग्यांच्या मेणबत्तीचं काम घरी नको



वाढदिवसाच्या केकवर लावतात ती ठिणग्या उडवणारी मेणबत्ती तुम्ही पाहिलीच असेल. म्हणायला मेणबत्ती, पण आत असते शोभेची दारू, अनारात असते तशी.

८ डिसेंबर २०२३ ला आपल्या शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये, तळवड्याला, अशाच मेणबत्त्या बनवण्याच्या ठिकाणी आग लागली. सहा कामगार महिला त्याच दिवशी गेल्या. भाजलेल्यांपैकी आणखी काही जणी पुढे उपचार चालू असताना गेल्या. आपल्यासारख्याच, घराला हातभार लावायला निघालेल्या बायका.

हे आज सांगतोय, कारण असं काम आमच्याही दारात आलं होतं. नळ्यांमध्ये पावडर भरायची, घरबसल्या, नगावर पैसे. गटाच्या बैठकीत दोन तट पडले. एक जण म्हणाली, "ताई, पोराची फी भरायचीय. नाही कसं म्हणू?" तिचं काही चुकलं नव्हतं. मग आम्ही काम आणणाऱ्याला तीन प्रश्न विचारले. पावडरीत काय आहे? परवाना दाखवता का? काही झालं तर जबाबदारी कुणाची? "विचारून सांगतो," म्हणून तो गेला, तो परत आलाच नाही. फीपुरतं कर्ज तिला गटातून दिलं. हप्ते ती वेळेवर फेडतेय.

"गॅस बंद ठेवू, काळजी घेऊ," असं वाटतं. पण ही दारू नुसत्या घासण्याने, आपटण्याने, सिंथेटिक साडीच्या बारीक ठिणगीनेही पेटू शकते. जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच मिसळलेला असतो, त्यामुळे गोधडी टाकून ती विझत नाही. म्हणूनच फटाके बनवायला स्फोटक कायद्याखाली परवाना लागतो, वस्तीपासून अंतर राखलेली जागा लागते. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत हे काम बसतच नाही.

मुलांवरही लक्ष ठेवा. दिवाळीनंतर फुसके बार गोळा करायचे, दारू डब्यात काढायची आणि पेटवायची, हा खेळ गल्लोगल्ली चालतो. "आम्हीही करायचो," म्हणून हसण्यावारी नेऊ नका. बोटं आणि डोळे परत येत नाहीत.

कुणी भाजलंच तर भाजलेल्या जागी वीस मिनिटं नळाचं साधं पाणी सोडा. बांगड्या, अंगठ्या लगेच काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका. १०८ ला फोन करा, आगीसाठी १०१.

घरबसल्या काम हवंच आहे आपल्याला. पण काम दारात आलं की मजुरी विचारण्याआधी ते तीन प्रश्न विचारा. एकटीला अवघड वाटलं तर गटाच्या बैठकीत आणा. सगळ्या मिळून विचारू.