निजताना एक पुस्तक



तुम्हाला आता वाचता येऊ लागले आहे. एसटीची पाटी वाचता, आलेली चिठ्ठी वाचता, दुकानाचा फळा वाचता. आज मी आणखी एक वाचन सांगणार आहे. ते रात्रीचे आहे. जेवणे झाली, भांडी घासून झाली, अंथरुणे पडली, की पोराला जवळ घेऊन चित्रांचे पुस्तक वाचायचे.

तुम्ही म्हणाल, "गोष्टीला पुस्तक कशाला? आमच्या आजीनं कुठं पुस्तक धरलं होतं?" खरे आहे. काऊचिऊची गोष्ट, अंगाई, चांदोमामा, सगळे तोंडीच चालत आले. ते मुळीच सोडू नका. आजीची गोष्ट अंधारातही चालते, पुस्तकाला दिवा लागतो! पण चित्र जागचे हलत नाही. पोर त्यावर बोट ठेवते. "ही कोण?" "ही अशी का बसली?" हवा तेवढा वेळ बघते आणि हवे तेवढे विचारते.

नव्या वाचणाऱ्यालाही हे पुस्तक सोपे जाते. अक्षर मोठे असते, पानावर दोन-चार ओळी असतात. शब्द अडला तर चित्राकडे बघा. पुष्कळ पुस्तके १६, २४ नाहीतर ३२ पानांचीच असतात, कारण छापखान्यात मोठा कागद छापून तो दुमडतात आणि मग कापतात. झोप येण्याआधी पुस्तक पुरे होते.

पुस्तक निवडताना मात्र एक बघा. अमेरिकेत १९४७ साली 'गुडनाइट मून' नावाचे पुस्तक निघाले. सशाचे पिल्लू निजण्यापूर्वी खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेते. पुस्तक गोड आहे. पण त्या पिल्लाची खोली केवढी! पलंग त्याचा एकट्याचा. एक म्हातारी ससीण विणत बसलेली असते, तीही शेवटच्या पानावर दिसत नाही. आपली आजी कुठे उठून जाते? आपल्याकडे एका खोलीत ओळीने पाच जण निजतात. भिंतीकडे आजी, मध्ये पोरे, दाराकडे बाबा. कुणाचा पाय कुणाच्या पोटावर. असे घर पुस्तकात कधीच दिसले नाही, तर पोराला वाटते की आपले घर पुस्तकात घालण्याजोगे नाही. हे वाटणे वाईट.

म्हणून आपल्या घरांची पुस्तके शोधा. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' या पुस्तकांत राधा नावाच्या मुलीच्या घरची माणसे भेटतात. शब्द त्यांचे, चित्रेही त्यांचीच. १९५७ साली सुरू झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तके मराठीतही मिळतात. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर'वर गोष्टी फुकट ठेवल्या आहेत, त्या मोबाइलवर वाचता येतात. पण रात्री मोबाइल हातात आला की पोराचे लक्ष गोष्टीवरून दुसरीकडे जाते. मला कागदच बरा वाटतो.

आमच्या वर्गातल्या एका बाईंचा मुलगा तिसरीत. त्या अडखळल्या की तो हसे. बाईंनी पुस्तक फळीवर ठेवून दिले. आठ दिवस हात लावला नाही. मग धाकटी पाच वर्षांची मुलगी तेच पुस्तक घेऊन आली. बाईंनी दुपारी एकटीने दोनदा वाचून ठेवले आणि रात्री तिला वाचून दाखवले. चौथ्या रात्री थोरल्याने गोधडीतून डोके काढले. म्हणाला, "आई, पान लगेच उलटू नको ना. मला चित्र दिसत नाही."

त्यांच्या सासूबाईंना अक्षर येत नाही. त्या चित्रे पाहून सांगतात. एका रात्री वाघ पळतो, दुसऱ्या रात्री तोच वाघ जेवायला बसतो. धाकटी ओरडते, "आजी, काल असं नव्हतं!" मग आई ओळ वाचून निवाडा करते. घरात सुनेच्या वाचण्याला असा मान आला.

भावांनो, हे बायकांचेच काम असे समजू नका. बाबांच्या आवाजातला वाघ पोरांना फार आवडतो.

विकतचे पुस्तक नसेल तर घरी करा. गोधडीच घ्या. हा तुकडा आजीच्या लुगड्याचा, हा बाबांच्या सदऱ्याचा, हा तुझ्या झबल्याचा. पाठकोरे कागद दुमडा, मधून सुईदोरा घाला. पोराला एकेक तुकडा काढू द्या, खाली तुम्ही एक ओळ लिहा : "हे आजीचं लुगडं." काना-मात्रा चुकली तरी चालेल, उद्या वर्गात दुरुस्त करू.

या पेटीत १४ पुस्तके आहेत. जाताना एकेक घेऊन जा. पान फाटले तर मी रागावणार नाही, चिकटवून आणा. आणि परत देताना पोराने कोणते पान पुन्हा पुन्हा उघडायला लावले, तेवढे मला सांगा.