चाल कुणाची?



आपल्या या भागात डबलबारीसाठी माणसे रात्र रात्र जागतात. बुवा पेटीवर हात टाकतो, पखवाज घुमतो, गजर रंगतो. आणि सकाळी तोच गजर कुणाच्या तरी मोबाइलमधून यूट्यूबवर चढलेला असतो. रचणाऱ्याला मिळाली ती त्या रात्रीची बिदागी. माझी हयात कामगारांच्या हजेरीपटाशी भांडण्यात गेली. पटावर नाव नसेल तर घाम गाळूनही पगाराच्या दिवशी हात रिकामाच राहतो. गाण्याचेही तसेच आहे.

हक्क नोंदणीने जन्मत नाही, रचनेबरोबरच जन्मतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. पण पैसे वसूल करून वाटणाऱ्याला तुमचे नाव ठाऊक नको का?

ही वसुली सुरू झाली ती एका भांडणातून. १८४७ साली पॅरिसमध्ये बूर्जे नावाच्या गीतकाराने एका कॅफेत साखरपाणी घेतले आणि पैसे देण्याचे नाकारले. माझी गाणी तुम्ही फुकट वाजवता, मग मी पाण्याचे पैसे का द्यावे? प्रकरण कोर्टात गेले, तो जिंकला, आणि १८५१ मध्ये तिथल्या रचनाकारांची संस्था उभी राहिली. आम्हा युनियनवाल्यांना हा माणूस जवळचा वाटतो!

आपल्याकडे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी मुंबईत १९६९ साली निघाली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांच्या बाबतीत निर्मात्याच्या बाजूने कौल दिला. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा असा बांधून टाकला, की त्याने सही करून तो कंपनीला द्यायचा म्हटले तरी देता येत नाही. वारसाला किंवा अशा संस्थेलाच देता येतो. गरजवंताच्या सहीची किंमत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कलमाचे मोल कळेल.

सभासद झालो की काम संपले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. प्रत्येक रचना वेगळी कळवावी लागते: नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, प्रकाशक असल्यास कोण, आणि कुणाचा वाटा किती.

येथे प्रामाणिकपणाची परीक्षा आहे. तुकोबांचे शब्द सर्वांचे. त्यांना तुम्ही नवी चाल दिलीत, तर तेवढी चाल तुमची. सिनेमाच्या चालीवर गजर बसवलात, तर चाल तुमची नव्हे. शब्द तुमचे असले तरी ती चाल वापरायला मालकाची परवानगी लागते. आजोबांपासून चालत आलेली दशावतारातली चाल स्वतःच्या नावावर चढवणे ही तर गावाची चोरी.

हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या रचनांची मुदत २०२९ अखेरपर्यंत आहे. ज्यांच्या आवाजावर आमचे मोर्चे चालले, त्यांच्या शब्दांचा हिशेब अजून मिटलेला नाही.

बुवांना माझी एक विनंती आहे. वाट्याचे बोलणे गाणे गाजण्याआधी करा. शब्द लिहिणारा पोरगा बहुधा मागे टाळ घेऊन बसलेला असतो. कागदावर त्याचे नावही घाला, आणि वाटा आकड्यात लिहा.